आत्याबाई, तुमच्या परसातल्या कोंबड्या

तेरावं पार पडलं, आत्याबाई. पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गाड्या जुंपून मार्गाला लागले. ज्या गुरुजींनी एके वर्षी मामंजींच्या श्राद्धाला आपल्या घरात पाऊल टाकायचं नाकारलं होतं, त्यांच्याच मुलानं तुमचे मंत्र म्हटले. चांगले म्हटले. निघताना त्याची नजर परसाकडे गेली. "काकूंच्या कोंबड्या अजून आहेत वाटतं," म्हणाला. मी हो म्हटलं.

बुलढाण्यात तुमची ओळख अजून तीच आहे. कोंबड्यावाल्या काकू. आलवण नेसणारी, सोवळ्याओवळ्याची, एकादशी न चुकवणारी विधवा बाई परसात कोंबड्या पाळते, याचं लोकांना आधी नवल वाटलं, मग राग आला आणि शेवटी सवय झाली. त्या कोंबड्या आपल्या दारी आल्या कशा, हे नवीन माणसांना ठाऊक नाही. तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. मला मात्र ते सांगितल्यावाचून आता राहवत नाही, आणि सांगायचं तर तुमच्याखेरीज दुसरं कोणाला सांगू?

कुसुम नुकती चालायला लागली होती. मला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, खोकला हटेना, आणि एका सकाळी न्हाणीत थुंकले तर लाल. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझी छाती ऐकली, पाठीवर बोटं वाजवली आणि यांना बाहेर नेऊन काय ते सांगितलं. घरी आल्यावर हे तुमच्यासमोर उभे राहिले. तुम्ही तांदूळ निवडत होतात. विश्रांती हवी, मोकळी हवा हवी, दूध भरपूर हवं, असं यांनी सांगितलं. कचेरीत साहेबापुढे कागद वाचून दाखवावा तसं.

तुम्ही सूप खाली ठेवलंत. "अजून काय म्हणे डॉक्टर?"

"काही नाही."

"काही नाही, तं मंग माह्याकडे पाहून काऊन बोलून नाही राह्यला?"

तेव्हा यांनी तो शब्द उच्चारला. रोज दोन अंडी. आपल्या घरात तो शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल. तुम्ही सूप पुन्हा उचललंत आणि उरलेले तांदूळ शेवटच्या दाण्यापर्यंत निवडलेत.

असा आजार झालेल्या सुनेला माहेरी पोचवायची रीत होती. त्यात कोणाला वाईट वाटत नसे. साखरखेर्ड्याहून माझे वडील छकडा घेऊन आलेसुद्धा. पोरीला नेतो, तुमच्या घरात लहान लेकरू आहे, लग्नाची मुलगी आहे, असं ते हात जोडून म्हणाले. तुम्ही त्यांना जेवू घातलंत आणि रिकाम्या छकड्यानं परत पाठवलंत. "आजारी पडलं म्हणून कोणी घर बदलते का?" एवढंच म्हणालात. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. आपण मरणार हे मी मनाशी धरलं होतं. मरायचं ते आईजवळ, अशी माझी इच्छा होती. त्या दिवशी मला तुमचा रागच आला होता, हे आज सांगून टाकते.

तुम्ही माझी खाट मागच्या पडवीत टाकलीत. तिथून परस दिसे, सीताफळाची दोन झाडं दिसत, आणि काटेरी कुंपणापलीकडे हमीदाबींचं अंगण. हमीदाबींचा नवरा पिंजारी. त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज दुपारभर यायचा. तुम्ही दोघी कुंपणाशी उभ्या राहून पावसापाण्याचं, लेकराबाळांचं बोलत असा, पण कुंपणावरून कधी काही इकडचं तिकडे गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही कुंपणाशी जाऊन बराच वेळ नुसत्या उभ्या राहिलात. हमीदाबी कोंबड्या कोंडत होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, बहूची तब्येत कशी हाय म्हणून.

"हमीदाबी, मले तुमच्या घरचं अंडं पाह्यजे," तुम्ही म्हणालात.

त्यांनी हातातली कोंबडी खुराड्यात सोडली. मग म्हणाल्या, "देते ना. रोज देते. तुम्ही हात नोका लावू बाई, मी पानावर ठेवून देत जाईन."

तेव्हापासून कुंपणाच्या खाचेत पळसाचं पान आणि पानावर दोन अंडी. तुम्ही ती पानासकट उचलायच्या, हाताला कवच लागू न देता. परसात तीन दगड मांडून तुम्ही निराळी चूल केली होती, निराळं पातेलं. अंडं दुधात फेटून मला द्यायच्या आणि पौषातल्या थंडीत, आपल्या या टेकडीवरच्या वाऱ्यात, विहिरीच्या पाण्यानं डोक्यावरून आंघोळ करून मगच घरात शिरायच्या.

पहिल्या दिवशी मी सगळं ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी तोंड मिटून पडून राहिले. मरेन, पण हे पाप नको, असं म्हटलं. तुम्ही माझ्या खाटेवर बसलात. सोवळ्यातल्या तुम्ही, रोग्याच्या अंथरुणावर.

"पाप तुले कोण देऊन राह्यलं?" तुम्ही म्हणालात. "ते म्या केव्हाच घेतलं. तू फक्त गीळ."

मी गिळलं.

चैत्रात हमीदाबींच्या घरचं बिऱ्हाड हललं. खामगावला कापसाचं काम जास्त, तिकडे नवऱ्याच्या भावानं बोलावलं होतं. मी खाटेवरून त्यांचं सामान बांधणं पाहत होते आणि आता आपलं काय होणार याचा हिशेब करत होते. निघायच्या आदल्या दिवशी हमीदाबी कुंपणाशी आल्या. चार कोंबड्या आणि एक कोंबडा, पाय बांधून टोपलीत घातलेले. म्हणाल्या, की मला खामगावात दुसऱ्या मिळतील, तुमची बहू अजून उठून बसली नाही. बाजारचं अंडं कधीचं असतं कोणाला माहीत. तुम्ही काहीतरी देऊ केलंत, ते त्यांनी घेतलं नाही. मग दोघी खाली बसलात आणि त्यांनी तुम्हाला सगळं समजावून सांगितलं: संध्याकाळी कोंडायचं कसं, मुंगसाला वाट कुठून मिळते, कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली म्हणजे काय करायचं. मी तुम्हाला इतकं मन लावून कोणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं. पुराण ऐकतानासुद्धा नाही.

पहिले काही दिवस तुम्ही त्यांना घाबरत होतात. काठीनं टोपली उघडायची, लांबून कण्या फेकायच्या. एकदा त्यातली काळी तुमच्या आलवणाच्या घोळात शिरली आणि तुम्ही रामरक्षा म्हणत जागच्या जागी उभ्या राहिलात. मी हसले. हसल्यावर खोकला आला, पण कित्येक महिन्यांनी हसले. तुम्हीही माझ्याकडे पाहिलंत आणि रामरक्षा तशीच पुढे चालू ठेवलीत. मग हळूहळू अंडं उचलायला पान घेणं सुटलं. आषाढापर्यंत तुम्ही खुराड्यात कोपरापर्यंत हात घालून अंडं काढत होतात, आणि टोचणाऱ्या कोंबडीला, "मले टोचते? मले?" असं ज्या आवाजात दटावत होतात तो आवाज मला नवी नवरी असल्यापासून ओळखीचा होता. घार उतरली की यांची कचेरीची छत्री घेऊन तुम्ही परसात धावायच्या. पावसाळ्यात यांना एकदा भिजत जावं लागलं, कारण छत्रीच्या काड्या घारीवर मोडल्या होत्या.

माझ्यासाठी त्या दिवसांतलं सगळ्यांत कठीण कुसुम होती. डॉक्टरांनी तिला माझ्याजवळ येऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं. ती आतल्या घरात रडायची आणि मी बाहेर खाटेवर पडून ऐकायची. कोंबड्या आल्यावर तुम्ही तिच्या ओंजळीत कण्या देऊन तिला परसात सोडायला लागलात. खुराडं तुम्ही सीताफळाखाली सावलीत ठेवलं नव्हतंत, भर उन्हात, माझ्या खाटेच्या अगदी समोर ठेवलं होतंत. उन्हाळ्यात त्यावर दिवसातून कितीदा तरी गोणपाट भिजवून टाकावं लागे. सावलीत का नाही ठेवत, असं यांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, इथूनच बरं दिसते. मला वाटलं, कोंबड्यांवर लक्ष ठेवायला बरं दिसतं. कुसुमचं झबलं कधी लहान झालं, तिला "ये ये ये" असं कोंबड्यांना बोलावता कधी येऊ लागलं, हे सगळं मी तिथूनच पाहिलं. पुष्कळ दिवसांनी मला कळलं की तुम्ही कोणाला काय दिसावं म्हणून तिथे ठेवलं होतंत.

लोकांनी मात्र तुम्हाला सोडलं नाही. राममंदिरात काकडआरतीला तुमच्या आजूबाजूच्या बाया सरकून बसू लागल्या. तुम्ही जाणं बंद केलं नाहीत, मागच्या खांबाशी बसू लागलात. भाद्रपदात मामंजींच्या श्राद्धाला गुरुजींनी निरोप पाठवला, की त्या घरात आम्हाला अन्न चालणार नाही. तुम्ही पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला होता. निरोप ऐकून तुम्ही गाईचं पान वाढलंत, काकबळी ठेवलात आणि बाकीचं दाराशी येणाऱ्या भुकेल्यांना वाढून टाकलंत. दिवसभर तुम्ही उपाशी होतात. त्या दिवशी पहिल्यांदा तुमचे डोळे सुजलेले पाहिले. तरी संध्याकाळी माझं दूध वेळेवर आलं.

आणि मग यमूचं लग्न मोडलं.

यमू तुमची धाकटी. मी या घरात आले तेव्हा ती परकरी पोर होती, तिच्या वेण्या मी घातल्या. मेहकरच्या एका चांगल्या घरी तिचं जमलं होतं. मुलगा शिकलेला, दिसायला देखणा. तुमचे भाऊ, जानेफळचे मामा, यांनी ते जमवलं होतं, आणि तेच निरोप घेऊन आले. ओसरीवर बसले, पण पाणीसुद्धा घेतलं नाही. मधलं दार उघडं होतं, पडवीत मला सगळं ऐकू येत होतं. मुलाकडची माणसं वाईट नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की कोंबड्या काढून टाका आणि आजारी सुनेला तिच्या माहेरी ठेवा. मग तिथीनिश्चय करू.

"अक्का, पोरीच्या जन्माचं हाय," मामा म्हणाले. "सून बरी झाली की आणजो ना परत. मी कुठं नाही म्हणून राह्यलो?"

तुम्ही उठून आत गेलात. मी पडल्या पडल्या देवाची प्रार्थना केली, की तुम्ही हो म्हणावं. खरंच केली. माझा जीव तरी राहणार की नाही याची खात्री नव्हती, आणि यमूपुढे सबंध आयुष्य होतं. तुम्ही परत आलात आणि म्हणालात, "भाऊ, त्यायले सांग, कोंबड्या राह्यतीन."

मामा न जेवता गेले. पुढे पुष्कळ दिवस ते आले नाहीत. यमूला मग स्थळच येईना. शेवटी वरवट बकालला दिली, बिजवराला, पहिलीची दोन मुलं होती त्याला. वऱ्हाड निघताना मी हिंडू फिरू लागले होते. तिच्या केसांत वेणी मीच माळली. ती रडली नाही. मीच रडले.

मी बरी झाले. दुसरा हिवाळा सरता सरता ताप गेला, तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी छाती स्वच्छ आहे असं सांगितलं. कुसुमला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ती अवघडून बसली, आणि "आजी" म्हणून तुमच्याकडे पाहू लागली. तुम्ही विहिरीकडे निघून गेलात.

मला वाटलं होतं, आता कोंबड्या जातील. पण एका सकाळी मागच्या दाराशी मास्तरांची बायको उभी होती, पदर तोंडावर ओढून. तिच्या मुलाला तोच आजार झाला होता. तुम्ही काही न विचारता दोन अंडी तिच्या पदरात घातलीत. त्यानंतर कोण कोण त्या दारानं आलं! मंदिरात तुमच्यापासून सरकून बसणाऱ्या आल्या. गुरुजींच्या घरून कोणी आलं की नाही हे मी सांगणार नाही, कारण तुम्ही मला बजावलं होतंत, की मागच्या दारी आलेल्याचं नाव पुढच्या दारी घ्यायचं नाही. कोणाकडून काही घेतलं नाहीत. लढाईच्या दिवसांत ज्वारीवर कंट्रोल आला तेव्हा स्वतःच्या पानातली अर्धी भाकरी कुस्करून तुम्ही परसात न्यायच्या. काही पोरं वाचली. काही नाही वाचली. जी गेली त्यांच्या घरी तुम्ही मागच्याच दारानं भेटून यायच्या.

बरी झाल्यावर मला वाचायचा नाद लागला आणि वाचून थोडी शिंगं फुटली. एका दुपारी तुम्ही वाती वळत असताना मी विषय काढला. आपद्धर्म म्हणून शास्त्रातसुद्धा मोकळीक आहे, औषधाला दोष नसतो, तेव्हा तुम्ही हे पाप पाप म्हणून मनाला लावून घेऊ नका, असं बरंच काही बोलले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

"पाप नाही म्हणतं?"

"नाही."

"मंग म्या तुह्यासाठी केलं काय?"

तुमच्या दृष्टीनं ते पाप होतं, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. देवापुढे आपल्याला त्याचा जाब द्यावा लागणार हे तुम्ही धरून चालला होतात. दर चातुर्मासात त्यासाठी तुम्ही एकभुक्त राहायच्या. हे जाणून तुम्ही रोज सकाळी खुराड्यात हात घालत होतात.

या आषाढात तुमचीच अन्नावरची वासना उडाली, हातपाय काडीसारखे झाले. डॉक्टरांनी तुम्हालाही अंडं सांगितलं. मी दुधात फेटून आणलं, तुमच्या उशाशी बसले आणि म्हटलं की आत्याबाई, याचं जे काय पाप असेल ते मी घेते. तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात. दात नसलेलं, लहान पोरीसारखं हसू.

"माह्यं माह्याजवळ राहू दे," म्हणालात. "तुले कायले वझं?"

मी हट्ट केला, रागावले, हेसुद्धा समजूत घालायला आले. तुम्ही तोंड उघडलं नाहीत. ते दूध शेवटी मी ओतून दिलं. हे भांडण आपलं अर्धंच राहिलं, आणि मला माहीत आहे, पुरं झालं असतं तरी मी हरलेच असते.

दुसरं भांडण यमूचं. ते मी तुमच्याशी किती वेळा काढलं असेल! यमू माहेरपणाला येऊन गेली, तिचा वाळलेला चेहरा पाहिला, की मला राहवत नसे. तुम्ही मला ठेवलंत हे तुमचं मोठं मन, पण ते ठेवताना तिच्या जन्माचा निकाल परस्पर लावलात. तिला एका शब्दानं तरी विचारायला हवं होतं, असं मी म्हणायची. दर वेळी तुम्ही मान हलवायच्या. "हाव, विचारायले पाह्यजे होतं." तुम्ही इतक्या सहज कबूल करायच्या, की मला पुढे भांडताही येत नसे.

काल पाहुणे गेल्यावर यमू आणि मी पडवीत तुमच्या गोधड्यांच्या घड्या घालत होतो. आज पहाटे तिची गाडी निघायची होती. तुमच्या वतीनं मी तरी तिची माफी मागावी असं मला वाटलं. मी म्हटलं, "यमू, मामा आले होते त्या दिवशी आत्याबाईंनी तुला विचारायला हवं होतं गं."

ती घडी घालता घालता थांबली. "विचारलं होतं, वहिनी."

मला ते कळायला वेळ लागला.

"मामा ओसरीवर होते. आई चुलीपाशी आली, हळूच बोलली," यमू सांगू लागली. "म्हणे, जन्म तुह्या हाय, तू सांगशील तेच मी बाहेर जाऊन सांगन. म्या म्हटलं, कोंबड्या राहू दे."

"आणि मला इतकी वर्षं का सांगितलं नाही? मी त्यांना काय काय बोलले..."

"म्याच शपथ घातली होती आईले. तुले समजलं असतं, तं तू जन्मभर माह्यासमोर मान खाली घालून राह्यली असती. मले वहिनी पाह्यजे होती." मग तिनं गोधडी दुमडली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "माणूस चांगलं हाय ते माह्यं. लेकरंही मले आईच म्हणतेत. तू उगा जीव जाळत राह्यली."

आत्याबाई, मला पहिल्यांदा तुमचाच राग आला. लेकीची शपथ पाळायची म्हणून सुनेची बोलणी खाल्लीत, तीही न केलेल्या गोष्टीची, वर्षानुवर्षं, वाती वळत. मग यमूकडे पाहिलं. केस पांढरे व्हायला लागले आहेत तिचे. तिच्या पाया पडावं असं आतून आलं, पण तिनं जे मागितलं होतं ते आठवून मी पडले नाही. तिला समोर बसवलं, तेलाची वाटी आणली आणि तिची वेणी घातली. पहाटे ती गेली.

आता घरात मी एकटी आहे. कुसुम कालच सासरी परतली, हे कचेरीत गेले आहेत. तुमच्या तोंडावर कोणी तुमचं चांगलं बोलायला लागलं की तुम्हाला लगेच काहीतरी काम आठवायचं. मी दोनदा तोंड उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा तुम्ही अर्ध्या वाक्यात उठून गेलात, एकदा दूध उतू जाईल म्हणून आणि एकदा काहीही न सांगता. आज कुठे जाल? बसा, आणि वाक्य पुरतं ऐका.

तुम्ही मला जगवलंत, आत्याबाई. तुम्ही आणि तुमच्या लेकीनं.